पीतज्वर आणि परदेशचा प्रवास

श्रोतेहो, विषयाचे नाव ऐकताच तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, "अहो, जो रोग आपल्या देशात कधी पसरलाच नाही, त्याची उठाठेव आम्ही खेड्यातल्या माणसांनी कशाला करायची?" प्रश्न रास्त आहे. पीतज्वर, म्हणजे ज्याला डॉक्टर लोक यलो फीव्हर म्हणतात, तो हिंदुस्थानात आजवर पसरलेला नाही. तो आफ्रिकेच्या मधल्या पट्ट्यातला आणि दक्षिण अमेरिकेतला रोग. पण आपला गावकरी आता गावातच कुठे राहिला आहे? कोकणातली मुले बोटीवर जातात. पलटणीतले जवान संयुक्त राष्ट्रांच्या फौजेबरोबर काँगोत जातात. १९६० ते १९६४ या काळातही गेले होते, आणि पुढेही जात राहिले. कुणाचा मुलगा नैरोबीला हिशेबनीस आहे, कुणाचा जावई नायजेरियात कारखान्यावर आहे, आणि नातवंड झाले की आजी-आजोबांनाही विमानाचे तिकीट येते. तेव्हा हा विषय आपल्या उंबरठ्यापाशी आलेला आहे.

मला तो कसा भेटला ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात मी दवाखाना चालवीत असे. एके दिवशी वाडीतला एक तरुण आला. बोटीवर नोकरी लागली होती, बोट लागोसला जाणार होती, चार दिवसांत निघायचे होते. "डॉक्टर, एजंटानं सगळे कागद करून दिलेत. तेवढा तब्येतीचा एक दाखला तुम्ही द्या," म्हणाला. मी कागद चाळू लागलो. त्यात ते पिवळे पुस्तक होते, पीतज्वराची लस टोचल्याचे. सही होती, शिक्का होता, लशीचा नंबर होता. माझी नजर तारखेवर गेली. ती नेमकी होळीची तारीख.

मी विचारले, "बाबा रे, होळीच्या दिवशी तू कुठे होतास?"

"गावातच की! पालखी आमच्याच वाडीत होती. तुम्हीपण आला होतात ना दर्शनाला?"

"मग त्या दिवशी मुंबईला जाऊन टोचून कोण आलं?"

पोराची मान खाली गेली. एजंटाने त्याला सांगितले होते, की सुई टोचली की ताप येतो, उगीच खोळंबा होतो, पुस्तक हातात असले म्हणजे झाले. आणि या उपकाराचे पैसेही वेगळे घेतले होते. त्या वेळी त्याला जे सांगितले, तेच आज तुम्हाला जरा सविस्तर सांगणार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पीतज्वर म्हणजे आपली कावीळ नव्हे. आपल्याकडे पावसाळ्यात जी कावीळ पसरते ती बहुधा दूषित पाण्यातून येते. पीतज्वर पाण्यातून येत नाही, शिवल्याने होत नाही, उष्ट्याने होत नाही. तो डासाच्या चावण्यातून येतो, आणि त्याचा विषाणूही अगदी वेगळा. डास चावल्यावर तीन ते सहा दिवसांनी ताप चढतो, डोके ठणकते, कंबर मोडून येते, उलट्या होतात. पुष्कळांचा आजार एवढ्यावरच थांबतो. कित्येकांना तर काही झाल्याचे कळतही नाही. तीन-चार दिवसांत ताप उतरतो, माणूस उठून बसतो, पेज मागतो. घरच्यांना हायसे वाटते. आणि इथेच हा रोग फसवा आहे. दर सहा-सात आजाऱ्यांमागे एखाद्याचा ताप पुन्हा उसळतो. डोळे, अंग पिवळे पडते, हिरड्यांतून आणि नाकातून रक्त येते, काळी ओकारी होते, लघवी कमी होत जाते. या पायरीला पोहोचलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे आठ-दहा दिवसांत दगावतात. यावर नेमके औषध आजही नाही. इस्पितळात पाणी, क्षार, रक्त देऊन रोग्याला सांभाळायचे, एवढेच हाती असते. म्हणून तर लशीला एवढी किंमत.

हा रोग डासामुळे होतो हे कळायला जगाला फार मोल द्यावे लागले. क्यूबातले डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ सालीच हे सांगितले होते, आणि कुठला डास तेही सांगितले होते. पण लोक हसले. त्यांचे प्रयोगही जुळत नव्हते, कारण एक दुवा कुणाला ठाऊक नव्हता. रोग्याला चावलेला डास लगेच रोग देऊ शकत नाही. त्याच्या पोटात विषाणू वाढून तोंडापर्यंत यायला दहा-बारा दिवस जातात. शेवटी १९०० साली हवाना शहराजवळ वॉल्टर रीड आणि त्यांच्या साथीदारांनी माणसांवर प्रयोग करून फिनले यांचे म्हणणे खरे ठरवले. त्या साथीदारांपैकी जेस्सी लाझिअर नावाचा तरुण डॉक्टर त्या कामातच पीतज्वराने गेला.

त्याच सुमाराचा पनामाचा दाखला मला नेहमी आठवतो. फ्रेंच लोकांनी १८८१ साली तिथे कालवा खणायला घेतला आणि १८८९ साली हात टेकले. मधल्या काळात वीस हजारांवर माणसे मेली, मुख्यतः पीतज्वराने आणि हिवतापाने. आता गंमत पाहा, गंमत कसली, दुर्दैवच ते. त्यांचे इस्पितळ मोठे सुरेख होते. रोग्यांच्या अंगावर मुंग्या चढू नयेत म्हणून त्यांनी खाटांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या. आपण दुधाच्या कपाटाखाली ठेवतो ना, अगदी तशा. त्या वाट्यांत डास वाढत होते, आणि हातपाय मोडून आलेला मजूरही तिथे पीतज्वर घेत होता. पुढे अमेरिकनांनी काम हाती घेतले तेव्हा गॉर्गस नावाच्या डॉक्टरने आधी साठलेले पाणी हुडकून काढले, टाक्या झाकल्या, घरांना जाळ्या लावल्या. दोनेक वर्षांत तिथला पीतज्वर हटला. कालवा १९१४ साली खुला झाला. तेव्हापासून आशियातल्या डॉक्टरांना एक धास्ती लागली, ती अशी की, आता बोटी सरळ इकडे येणार, त्यांच्याबरोबर हा रोग आला तर?

धास्ती खोटी नव्हती. पीतज्वराचा तो डास, अंगावर नि पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसाढवळ्या चावणारा, तुमच्या-माझ्या घरात आहे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवतो तोच हा एडीस डास. म्हणजे सरपण रचून ठेवलेले आहे, ठिणगी तेवढी पडलेली नाही. ती आजवर का पडली नाही याबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही. कुणी म्हणतात, आपल्याकडे डेंग्यू पुष्कळ, त्यामुळे अंगात थोडेफार संरक्षण असावे. कुणी म्हणतात, आपल्याकडचा डास हा विषाणू तितकासा चांगला वाहत नसावा. पण असल्या 'असावे'वर कोटी-कोटी माणसांचा जीव टांगून ठेवता येत नाही.

ही भीती एकदा अगदी आपल्या दाराशी आली होती. १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ जंगलात जाणारी माणसे तापाने आजारी पडू लागली. माकडे मरतात, माणसांना ताप येतो, रक्त जाते, ही तर दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराची खूण! आपल्या पुण्याला १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले होते. तेच आजचे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थान. तिथले लोक तातडीने जंगलात गेले, मेलेली माकडे, रक्ताचे नमुने, गोचिड्या गोळा करून आणल्या. तपासाअंती निघाला एक नवाच विषाणू, गोचिडीतून पसरणारा. त्यालाच आपण माकडताप म्हणतो. पुढे तो सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे आणि गोव्यात सत्तरीतही आला, हे तिकडच्या श्रोत्यांना सांगायला नको. पीतज्वर नव्हता म्हणून त्या वेळी देशाने सुटकेचा श्वास टाकला. माकडतापाने ज्यांची माणसे गेली त्यांना मात्र त्यात कसले समाधान!

माकडांवरून आठवले. पीतज्वराची जी लस आज जगभर टोचतात, तिच्या कुळकथेत आपल्या हिंदुस्थानी माकडाचा वाटा आहे. १९२७ साली पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानामध्ये, असिबी नावाच्या एका माणसाला साधासा ताप आला. त्याचे रक्त डॉक्टरांनी प्रयोगासाठी घेतले. आफ्रिकेतल्या माकडांना हा विषाणू टोचला तरी ती सहसा मरत नाहीत, त्यामुळे प्रयोग पुढे सरकत नव्हते. मग हिंदुस्थानात आढळणारे लाल तोंडाचे माकड, ज्याला ऱ्हीसस म्हणतात, त्याला ते रक्त टोचले, आणि ते पीतज्वराने मेले. प्रयोगाला प्राणी मिळाला आणि विषाणू हाती लागला. असिबी बरा झाला. पण ज्यांनी हा शोध लावला ते एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वराने गेले. पुढच्या वर्षी जपानचे हिदेयो नोगुची अक्रा शहरात गेले, आणि त्यांच्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे सहकारी विल्यम यंगही गेले. त्याच असिबीच्या रक्तातला विषाणू कोंबडीच्या गर्भावर पुन्हा पुन्हा वाढवून मॅक्स थायलर यांनी त्याची नांगी मोडली. १९३७ साली ही लस तयार झाली, आणि १९५१ साली थायलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तीच लस आजही चालू आहे.

हे सगळे त्या पोराला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे इतकी माणसं मेली त्या सुईपायी?" मी म्हटले, होय, आणि तू ती चुकवायला पैसे मोजलेस.

आता कामाच्या गोष्टी. कागद-पेन्सिल जवळ असेल तर टिपून घ्या.

आफ्रिकेतले तिसाहून अधिक आणि अमेरिकेतले डझनभर देश या रोगाच्या टापूत येतात. नायजेरिया, घाना, काँगो, अंगोला, युगांडा, केनिया, इथिओपिया. तिकडे ब्राझील, पेरू, कोलंबिया, बोलिव्हिया. दक्षिण आफ्रिकेत हा रोग नाही, मिसर देशात नाही. पण दक्षिण आफ्रिकेला जाताना वाटेत नैरोबीला किंवा अदिस अबाबाला मुक्काम पडत असेल तर प्रश्न बदलतो. म्हणून केंद्रावर जाल तेव्हा नुसते 'कुठे जायचे' एवढे सांगू नका, वाटेत कुठे उतरणार तेही सांगा. बोटीवरच्या मुलांनी तर बोट कुठकुठल्या बंदरांना लागणार हे विचारूनच घ्यावे.

लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. ती सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच टोचतात, आणि त्यांचाच शिक्का जगात चालतो. मुंबईला बंदराच्या आणि विमानतळाच्या आरोग्य कार्यालयांत ही सोय आहे, इतरही काही अधिकृत केंद्रे आहेत. जाण्याआधी दिवस आणि वेळ चौकशी करून ठरवून घ्या, कारण एक कुपी फोडली की ती काही तासांत संपवावी लागते. एकट्यादुकट्यासाठी सहसा फोडत नाहीत. ही लस करणाऱ्या मोठ्या संस्थाही जगात बोटांवर मोजण्याइतक्या, ब्राझील, सेनेगल, फ्रान्स आणि रशिया इथल्या. त्यामुळे कधीकधी तुटवडा पडतो आणि थांबावे लागते. पारपत्र बरोबर न्या, पुस्तकावर त्याचा नंबर घालतात.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे दहा दिवस. लस टोचल्यावर अंगात संरक्षण तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून दाखला दहाव्या दिवसापासून लागू धरतात. आज टोचली आणि उद्या निघालो, हे चालत नाही. ना कायद्याने, ना शरीराने. एकदा टोचली की पुन्हा टोचायला नको. पूर्वी दर दहा वर्षांनी टोचावी लागे, पण ११ जुलै २०१६ पासून हा दाखला जन्मभराचा झाला आहे. जुन्या पुस्तकावर मुदत संपल्याची तारीख छापलेली असली तरी ते पुस्तक चालते. ते दाखवून कुणी पुन्हा पैसे मागू लागला तर देऊ नका.

सुई दंडावर कातडीखाली देतात. नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात, तेव्हा घाई करू नये. पुढचे काही दिवस थोडे अंग दुखते, डोके जड होते, एखाद्याला कणकण येते. तेवढे सोसावे. मात्र ही लस जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे, म्हणून ती सरसकट सगळ्यांना देत नाहीत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती देतच नाहीत, नऊ महिन्यांपर्यंतही टाळतात. ज्यांना अंड्याने अंगावर गांधी उठून दम लागतो, ज्यांना कर्करोगाचे किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू आहे, ज्यांची प्रतिकारशक्ती एखाद्या आजाराने खचली आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना सगळे सांगावे. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला जाणे टाळता येत असेल तर टाळावे; नाइलाज असेल तर डॉक्टर धोक्याचे पारडे तोलून ठरवतील. साठीच्या पुढे पहिल्यांदाच टोचून घेणाऱ्यांना या लशीचा गंभीर त्रास होण्याचा संभव तरुणांपेक्षा जास्त असतो. तसा तो लाखात एखाद्यालाच होतो, पण झाला तर जिवावर बेततो. म्हणून नातवाला भेटायला निघालेल्या आजोबांनी आपल्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन जावे आणि काही लपवू नये. "सांगितलं तर सुई देणार नाहीत, मग जाणं राहील," ही भीती मी पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. ज्याला लस देता येत नाही त्याला तसा लेखी दाखला मिळतो. मग तो त्या देशाला चालतो का याची चौकशी करावी, आणि खरोखर जायलाच हवे का याचा घरात बसून विचार करावा.

आता परत येण्याविषयी. अशा देशातून तुम्ही सहा दिवसांच्या आत मुंबईला उतरलात आणि पिवळे पुस्तक नसले, तर सहा दिवस पुरे होईपर्यंत तुम्हाला वेगळे ठेवतात. दाराबाहेर आई-बाप उभे, आणि मुलगा आत अडकलेला, असे प्रसंग घडतात. लोक अधिकाऱ्यांवर चिडतात. पण सहाच दिवस का, ते तुम्हाला आता कळले असेल. रोग अंगात असेल तर तेवढ्या मुदतीत तो बाहेर येतो. तो माणूस तापात असताना आपल्या घरातल्या पट्टेवाल्या डासाने त्याला चावू नये, एवढाच त्यातला हेतू. २०१६ साली अंगोलात मोठी साथ होती. तिथे काम करणारे काही चिनी लोक मायदेशी परतले, आणि त्यांच्यापैकी अकरा जणांना पीतज्वर असल्याचे निघाले. आशियात हा रोग पक्का सिद्ध झाला तो तेव्हा पहिल्यांदा. चीनमध्ये तो पुढे पसरला नाही. पण विमानाने हा रोग इकडे येऊ शकतो की नाही, या वादाला तिथे उत्तर मिळाले.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. डास-अळी म्हणजे काय हे पाटीवर चित्र काढून शिकवण्यापेक्षा मुलांना घरचा रांजण, कुंडीखालची थाळी, छपरावरचा जुना टायर, गुरांचे डोण बघायला लावा. बरणीत थोडे पाणी आणा म्हणावे. वळवळणारी अळी मुलाने स्वतः पाहिली की ते घरी जाऊन आजीला रांजण रिकामा करायला लावते, हा माझा अनुभव आहे. आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करायची, आणि नुसते पाणी ओतून न देता आतून घासायची. कारण या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने कोरडी राहू शकतात आणि पाणी लागले की पुन्हा फुटतात. डेंग्यूसाठी हे करायचेच आहे. पीतज्वराचा बंदोबस्त त्यात आपोआप होतो.

त्या तरुणाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. मी दाखला दिला नाही. त्याचा बाप माझ्यावर भडकला. घर गहाण टाकून एजंटाला पैसे दिले होते, आणि माझ्यापायी बोट गेली असे तो चारचौघांत बोलला. खोटे नव्हते ते. बोट खरोखरच गेली. मुलगा मुंबईला जाऊन रीतसर टोचून आला, दहा दिवस घरात तोंड लपवून बसला, आणि दुसरी बोट मिळायला त्याला अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांचे व्याज त्या घराने भरले. एजंटाने एक पैसाही परत केला नाही. मी त्याच्याविरुद्ध तक्रार लिहायला सांगितली, ती त्यांनी लिहिली नाही, कारण धाकटा भाऊही बोटीवर जायचा होता. पुढच्या शिमग्याला मुलगा आला तेव्हा भेटून गेला. लागोसला त्याच्या बरोबरीच्या एकाला पुस्तक नाही म्हणून धक्क्यावर उतरू दिले नव्हते, एवढे त्याने सांगितले. बाप अजून माझ्याशी बोलत नाही.

जाता जाता एक सांगायचे राहिले. ते पिवळे पुस्तक पेटीत ठेवू नका. पेटी विमानाच्या पोटात जाते आणि पुस्तक तर ती हाती येण्याच्या आधीच मागतात. पारपत्राबरोबर, हातातल्या पिशवीत ठेवा, आणि निघण्यापूर्वी त्यावरचे नाव नि जन्मतारीख पारपत्राशी ताडून पाहा. अक्षराचा फरक असेल तर तो मुंबईतच दुरुस्त करून घ्या, लागोसला तो होत नाही.